जुन्या अ‍ॅपमधला नवा कोड : दहा वर्षांचा मागोवा

नवी मुंबईत ऐरोलीच्या माइंडस्पेसपासून महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कपर्यंत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत सॉफ्टवेअरचं जे काम चालतं त्यातला मोठा भाग नवं उभारण्याचा नसतो, आधीचं चालतं ठेवण्याचा असतो. बँकेचं किंवा विमा कंपनीचं अ‍ॅप लाखो फोनमध्ये असतं, त्यावर रोज पैशांचे व्यवहार होतात. ते बाजूला ठेवून वर्षभर दुसरं बांधत बसायची मुभा क्वचितच मिळते. म्हणून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी एकदाच लिहायचा कोड जुन्या नेटिव्ह अ‍ॅपमध्ये थोडाथोडा कसा मिसळायचा, हा इथला खरा प्रश्न. गेल्या दहा वर्षांत यावर बरेच प्रयोग झाले. ते पाहता माझं मत असं झालं आहे की हळूहळू मिसळण्याचा मार्ग योग्यच होता. आणि तो जिथे फसला तिथे जुना व नवा कोड भेटतात तो सांधा कुणी सांभाळायचा, हेच बहुतेकदा ठरलेलं नव्हतं.

मार्च 2015 मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुलं केलं. आधी ते फक्त आयफोनपुरतं होतं, अँड्रॉइडची बाजू त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. अख्खं अ‍ॅप न बदलता एखादीच स्क्रीन त्यात लिहून जुन्यात बसवता येते, हे त्याचं मोठं आकर्षण. आपल्याकडे फ्लिपकार्टने ते वापरलं. जगाचं लक्ष मात्र एअरबीएनबीकडे होतं. त्यांनी 2016 मध्ये चालत्या अ‍ॅपमध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणलं आणि जून 2018 मध्ये ते सोडत असल्याचं जाहीर केलं. या बातमीनंतर अनेकांनी विषयावर फुलीच मारली. पण कंपनीने स्वतः मांडलेला हिशेब वाचला तर चित्र इतकं सरळ नाही. ते वापरलेल्या त्यांच्या इंजिनिअरांपैकी 63 टक्क्यांनी पुन्हा संधी मिळाली तर तेच निवडू असं सांगितलं होतं. दुखणं वेगळं होतं. दोन प्लॅटफॉर्मचा एक होण्याऐवजी तीन झाले. एखादा बग शोधायला तिन्ही बाजू जाणणारा माणूस लागू लागला आणि पायाभूत सोयी तिसऱ्या बाजूसाठीही उभ्या कराव्या लागल्या.

हे दुखणं जवळून पाहायचं तर लॉगिनचं उदाहरण घ्यावं. नेटिव्ह बाजूने ग्राहकाला आत घेतलं, सर्व्हरने दिलेलं टोकन फोनच्या सुरक्षित कप्प्यात ठेवलं. मग ग्राहक ‘स्टेटमेंट’वर गेला, ती स्क्रीन नव्या कोडची, तिला टोकनची एक प्रत मिळाली. काही मिनिटांनी टोकनची मुदत संपली, नेटिव्ह बाजूने नवं मागून घेतलं, पण स्क्रीनच्या हातात जुनंच राहिलं. ग्राहकाला दिसतं ते एवढंच, की अ‍ॅपने विनाकारण बाहेर काढलं. अँड्रॉइडच्या बॅक बटणाचंही तसंच. नव्या कोडचा स्वतःचा स्क्रीनचा ढीग असतो, जुन्याचा वेगळा; बटण दाबल्यावर कोणत्या ढिगातली स्क्रीन उचलायची हे आधी ठरलं नसेल तर ग्राहक एकदम मुख्य पानावर फेकला जातो. दोन्ही बाजूंचा कोड आपापल्या जागी बिनचूक असतो, म्हणूनच असा बग दोन टीममध्ये टोलवला जातो. उपाय अवघड नाही. टोकन एकाच बाजूकडे ठेवायचं, दुसरीने दरवेळी मागून घ्यायचं, प्रत ठेवायची नाही. फक्त हा नियम लिहून ठेवणारं आणि मोडला तर विचारणारं कुणीतरी हवं.

स्क्रीनऐवजी नुसतं आतलं लॉजिक सामाईक ठेवलं तर त्रास वाचेल, असंही म्हटलं गेलं. ड्रॉपबॉक्सने 2013 पासून सी प्लस प्लसमध्ये हेच केलं आणि 2019 मध्ये ते सोडल्याचं सांगितलं: स्वतःची हत्यारं स्वतःच घडवावी लागत होती, शिवाय त्या भाषेत मोबाइलचं काम करणारी माणसं मिळेनात. नोव्हेंबर 2023 मध्ये स्थिर झालेल्या कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्मकडे मला म्हणूनच जास्त आशेने पाहावंसं वाटतं. आपल्याकडे दहांतले नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे, त्यामुळे कॉटलिन जाणणारी माणसं आधीपासून टीममध्ये असतात. कर्जाच्या हप्त्यात पैसे कसे पूर्णांकात आणायचे हा नियम दोनदा लिहिला की कधीतरी एका फोनवर एक आकडा आणि दुसऱ्यावर दुसरा दिसणार. सामाईक करायला असे नियम आधी घ्यावेत. स्क्रीनसाठी फ्लटरही आता जुन्या अ‍ॅपमध्ये नीट बसतं. ती सोय डिसेंबर 2019 च्या 1.12 आवृत्तीत स्थिर झाली.

हळूहळू मिसळण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप गूगल पेच्या उदाहरणाचा. सप्टेंबर 2017 मध्ये भारतात ‘तेज’ नावाने सुरू झालेलं हे अ‍ॅप पुढे पूर्णपणे फ्लटरमध्ये नव्याने लिहिलं गेलं आणि कोड सुमारे 35 टक्क्यांनी घटला. मग सांधत कशाला बसायचं? पण फ्लटर घडवणारी आणि ते अ‍ॅप चालवणारी कंपनी एकच होती. मुळाशी चूक सापडली तर ती मुळातच दुरुस्त होण्याची वाट तिथे मोकळी होती. महापेच्या सेवा कंपनीकडे ती वाट नसते.

दुसरा आक्षेप असा, की परक्या तंत्रावर विसंबलं की ते बंद पडण्याची टांगती तलवार आली. भीती खोटी नाही. झामरिन या अशाच सामाईक कोडच्या तंत्राचा आधार 1 मे 2024 ला संपला. स्टोअरमध्ये न जाता नवा कोड फोनवर पोहोचवणारं कोडपुश ज्या अ‍ॅप सेंटरचा भाग होतं ते 31 मार्च 2025 ला बंद झालं. त्याआधी प्ले स्टोअरने ऑगस्ट 2019 पासून 64-बिट कोड सक्तीचा केला, तेव्हा रिअ‍ॅक्ट नेटिव्हला अँड्रॉइडवर ती क्षमता त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मिळाली होती. जुन्या आवृत्तीवर बसलेल्यांच्या हाती जेमतेम पाच महिने उरले. पण हा आक्षेप हळूहळू जाणाऱ्याच्याच बाजूचा आहे. पाच स्क्रीन परक्या तंत्रात असतील तर पाच परत लिहाव्या लागतात, सगळं अ‍ॅप नाही. आणि नेटिव्ह तरी कुठे अढळ होतं? 2014 मध्ये स्विफ्ट आली, 2017 मध्ये गूगलने कॉटलिनला मान्यता दिली. तेव्हाही जुन्या फाइली ठेवून त्यांच्या शेजारी नव्या भाषेतल्या लिहिल्या गेल्याच.

राहिला प्रश्न कंत्राटांचा, आणि नवी मुंबईसाठी तोच कळीचा आहे. अँड्रॉइडचं काम एकाकडे, आयफोनचं दुसऱ्याकडे, नव्या स्क्रीन तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली की सांधा नेमका तीन कागदांच्या मध्ये पडतो आणि त्याचे तास कुणाच्याच बिलात येत नाहीत. जुन्या अ‍ॅपमध्ये सामाईक कोड आणायला निघालेल्यांनी तंत्र निवडण्याआधी एवढं करावं: सांध्याची जबाबदारी कोणत्या टीमची हे कंत्राटात लिहावं, आवृत्ती बदलण्याचे तास दरवर्षी वेगळे धरावेत, आणि नवी स्क्रीन काढून टाकायची वेळ आली तर ती कशी काढायची हे ती बसवतानाच ठरवावं.