महागडा सँडर घ्यावा की थांबावे?

खडवलीत आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. सागवानी दरवाजे, पलंग आणि विनिअरची कपाटे बनवितात. हाताखाली दोन कारागीर आहेत. आमच्या दुकानाचे काउंटर आणि मांडण्या त्यांनीच केल्या, तेव्हापासूनचा हा संबंध. परवा ते पुढच्या कामाची उचल मागावयास आले. कारण विचारले तर म्हणाले, "शेठ, जर्मन सँडर घ्यायचा आहे. आत्ताचे यंत्र 7 हजारांचे. हे 55 हजार सांगतात. घराचे पत्रे बदलायला थोडे पैसे ठेवले होते, ते घालतो. बाकीचे तुम्ही द्या."

आम्ही कापडाचे व्यापारी. लाकडातले आम्हांस फारसे कळत नाही. पण यंत्राच्या घाईची शिक्षा आम्ही भोगलेली आहे. काही वर्षांपूर्वी कापड तपासून घडी घालण्याचे एक भारी यंत्र आम्ही घेतले. यंत्र उत्तम होते, पण त्याला पुरेल इतके कापड आमच्याकडे येतच नव्हते. आठवड्यातले चार दिवस ते झाकलेले असे आणि हप्ता मात्र चुकत नसे. शेवटी निम्म्या भावात विकले. खोट यंत्रात नव्हती, आमच्या हिशोबात होती. म्हणून मिस्त्रींना म्हटले, उचल देऊ, पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू.

जादा पैशांत काय मिळते?

गोल चकतीचा सँडर दोन चाली एकदम चालतो. चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी थोडी बाजूला सरकत राहते. त्यामुळे लाकडावर एकाच जागी गोल ओरखडे उठत नाहीत. हे काम स्वस्त यंत्रही करते आणि महागही करते.

फरक पुढे सुरू होतो. महाग यंत्रांत बहुधा कार्बन ब्रश नसलेली मोटर असते. ती वजनाला हलकी असते आणि हात दाबला तरी तिचा वेग पडत नाही. हादरे कमी बसतात. दिवसभर यंत्र धरून ज्याची बोटे रात्री बधिर होतात, त्याला याची किंमत कळेल. चकती बहुधा 150 मिलिमीटरची असते. साध्या यंत्राच्या 125 मिलिमीटर चकतीपेक्षा तिचे क्षेत्र 44 टक्क्यांनी जास्त भरते. धूळ ओढून घेण्याची सोयही चांगली असते.

परंतु यंत्र कितीही उंची असो, ते 80 नंबरच्या कागदावरून थेट 240 वर उडी मारू देत नाही. 80, 120, 180 ही पायरी चढावीच लागते. कोपरे, नक्षी आणि गोलाई शेवटी हातानेच घासावी लागते. आणि विनिअरवर तर जोरदार यंत्र हा धोकाच आहे. बाजारातले पुष्कळसे विनिअर अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. हात जरा रेंगाळला की खालचा प्लाय दिसू लागतो आणि तो पत्रा वाया जातो.

हिशोब तासांचा करावा

दोन यंत्रांच्या किमतीतला फरक 48 हजार. मिस्त्रींच्या अंदाजाने दिवसभर घासाई असेल तर महाग यंत्र एक तास वाचवील. तासाची मजुरी 150 रुपये धरली तर फरक भरून निघण्यास 320 तास वाचले पाहिजेत.

ज्याच्याकडे महिन्याचे 25 दिवस घासाई आणि पॉलिश चालते, त्याचे हे तास सुमारे 13 महिन्यांत भरतात. त्याने यंत्र जरूर घ्यावे, उशीर करण्यात नुकसान आहे. पण आमच्या मिस्त्रींची वही पाहिली तर घासाई आठवड्यातून दोनच दिवस, म्हणजे वर्षाला 100 दिवस निघाली. त्यांना तीन वर्षांहून अधिक लागतील. शिवाय वाचलेल्या तासात दुसरे काम हाती असेल, तरच तो तास पैसा होतो. नाहीतर तो चहाच्या टपरीवर जातो.

सर्वांत महाग वस्तू: धूळ

हिशोब चालू असता त्यांचा धाकटा कारागीर सारखा खोकत होता. नाकाला रुमाल बांधला होता. आम्ही कापडवाले, कोणत्या विणीतून काय निसटते ते आम्हांस ठाऊक आहे. सँडरची बारीक धूळ रुमालातून सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत 1995 सालीच घातले आहे. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे.

आता गंमत अशी की धुळीवरचा बराचसा इलाज 55 हजारांच्या यंत्रावाचून होतो. जुन्याच सँडरच्या धूळनळीला बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम जोडावा. सँडरची छिद्रे आणि कागदाची छिद्रे जुळवून लावावीत. तोंडाला रुमालाऐवजी एन-95 मास्क बांधावा. धूळ निघून गेली की कागद लवकर भरत नाही, जास्त दिवस टिकतो आणि पृष्ठभागही साफ येतो.

घेण्यापूर्वी चार गोष्टी

पहिली, यंत्र आपल्याच लाकडावर चालवून पाहावे. दुकानातल्या गुळगुळीत फळीवर सगळीच यंत्रे चांगली चालतात.

दुसरी, रबरी पॅड आणि चकत्या कोठे मिळतात ते विचारावे. खडवलीहून टिटवाळा, आंबिवली, शहाड करीत कल्याण, आणि तेथे नाही मिळाले तर थेट मुंबईची नागदेवी स्ट्रीट. एका पॅडसाठी दिवस गेला तर तोही किमतीत धरावा.

तिसरी, पक्के बिल घ्यावे. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर यंत्रावरचा 18 टक्के कर वळता करून घेता येतो. कॉम्पोझिशनवाल्यांना ही सवलत नाही.

चौथी, हप्त्यावर सही करण्यापूर्वी सरकारी योजना पाहावी. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. तीत अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. कर्जही मिळते, पण ते 5 टक्के व्याजाचे आहे. ज्यांना व्याज नको, त्यांनी निदान अवजारांची मदत सोडू नये.

शेवटी ठरले ते असे. जुना सँडर राहील. आमच्या उचलीतून व्हॅक्यूम, मास्क आणि चांगल्या प्रतीचे कागद घ्यायचे. ती रक्कम पुढच्या कामात बिनव्याजी वळती होईल. भिंतीला एक वही टांगायची आणि रोज किती तास घासाई झाली ते लिहायचे. सहा महिन्यांनी महिन्याचे 20 दिवस भरू लागले, तर महाग यंत्राची गोष्ट पुन्हा काढायची. पत्र्यांच्या पैशांना हात लावायचा नाही.

मिस्त्री थोडे नाराज होऊन गेले. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला, की व्हॅक्यूम बसला आणि पत्रेवाल्याला बयाणा दिला.