"सलाइन लावा ना, डॉक्टर!"

आजचा विषय घराघरातला आहे.

रात्रीचे अकरा वाजलेत. दोन वर्षांच्या छकुलीला सकाळपासून जुलाब, त्यात उलट्या. आईबाबा तिला घेऊन इमर्जन्सीत धावतात आणि म्हणतात, "सलाइन लावा ना, डॉक्टर!" डॉक्टर मात्र आईच्या हातात वाटी-चमचा देतात. बाबा वैतागतात, "एवढ्या लांब साखर-मिठाचं पाणी पाजायला आलो का?"

जरा थांबा. तोवर डॉक्टरांनी बरंच काही बघून घेतलेलं असतं. डोळे खोल गेलेत का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट होते का? पाणी दिसलं की मूल अधाशासारखं पितं, की प्यायचंही त्राण नाही?

छकुली किरकिरतेय, डोळे थोडे खोल गेलेत, पण घटाघटा पितेय. म्हणजे पाणी कमी झालंय, पण तोंडाने भरून निघेल. हिशोब असा: दर किलो वजनामागे ७५ मिली ओआरएस, चार तासांत. छकुली १० किलोची, म्हणजे ७५० मिली. उलटी झाली तर १० मिनिटं थांबायचं आणि मग चमचा-चमचा, आणखी हळू पाजायचं. चार तासांनी डॉक्टर पुन्हा तपासतात.

हे चालतं कसं? आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट सहसा उघडीच राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर भिस्त ठेवली. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं!

मग सलाइन कधी? मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे, पिता येत नाही, डोळे खोल गेलेत, कातडीची घडी दोन सेकंदांनंतरही तशीच आहे. यातल्या दोन खुणा दिसल्या की क्षणाचाही उशीर नाही. शिरेतून रिंगर लॅक्टेट, किलोमागे १०० मिली. वर्षापुढच्या मुलाला त्यातले ३० मिली अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत.

आता घरी काय लक्षात ठेवायचं? एक लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. ग्लासभर पाण्यात अंदाजे पूड टाकायची नाही, मीठ जास्त झालं तर धोका वाढतो. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त गेली की जुलाब उलट वाढतात. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवा. झिंक डॉक्टर देतील तितके दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले तरी.

आणि मूल पीत नसेल, पेंगत असेल, लघवी होत नसेल किंवा शीमधून रक्त जात असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. वाटेतही चमचा थांबवू नका, फक्त मूल शुद्धीत आणि गिळू शकणारं हवं.

हा भाग घरातल्या आजीलाही ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!