चित्रपटाविषयीं वाद कसा करावा ?

चित्रपट पाहून झाल्यावर त्यांतील गाण्यांपेक्षां त्यांतील स्त्रियांच्या वर्तनाविषयींच अधिक बोलणें व्हावें, असा अनुभव आज घरोघरीं येतो. नायिकेनें वडील माणसांस उलट उत्तर दिलें कीं ‘हा बिघाड’ असें एक म्हणतो. ‘हीच सुधारणा’ असें दुसरा म्हणतो. आणि पुष्कळदां दोघांपैकीं एकानें चित्रपट पुरता पाहिलेलाही नसतो. हा वाद नवा नव्हे. तो नीट कसा करावा, हें समजण्यास एक जुना मराठी चित्रपट फार उपयोगी पडतो.

तो म्हणजे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३७ सालीं काढलेला ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो दिग्दर्शित केला. नीरा या पोरक्या मुलीचा विवाह आप्तजन कपटानें एका वृद्ध विधुर वकिलाशीं लावून देतात. ती पळून जात नाहीं. परंतु हा विवाह आपणांस मान्य नाहीं असें स्पष्ट सांगून, त्याच घरांत राहून, पत्नी म्हणून वागण्याचें नाकारते.

जरठविवाहाचा हा विषय देवलांनीं १८९९ च्या ‘शारदा’ नाटकांत मांडलाच होता. शारदेचें दुःख पाहून प्रेक्षक कळवळत. नीरा मात्र दया मागत नाहीं, न्याय मागते. १९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ वर्षें ठरविलें. परंतु त्याहून मोठ्या मुलीस वृद्धाच्या गळ्यांत बांधण्यास त्या कायद्याची आडकाठी नव्हती. कायदा जेथें थांबला होता, तेथून ‘कुंकू’ बोलूं लागला.

चित्रपटांत राजकारण नसावें, असेंही कित्येक म्हणतात. त्यांनीं १९३० साल आठवावें. त्या वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं आपल्या उरण तालुक्यांतील चिरनेर येथें जंगल-सत्याग्रहींवर गोळीबार झाला व लोक प्राणांस मुकले. त्याच वर्षीं प्रभातच्या शिवचरित्रावरील मूकपटाचें ‘स्वराज्याचें तोरण’ हें नांव सरकारी परीक्षकांस खपलें नाहीं. तो ‘उदयकाल’ या नांवानें दाखवावा लागला. पुढें १९३५ मध्यें एकनाथांवरील ‘महात्मा’ या चित्रपटाचें नांव, तें गांधीजींचें स्मरण देतें म्हणून, ‘धर्मात्मा’ असें करावें लागलें. सरकारला शब्दाचें भय वाटलें. घराघरांतील सत्तेला तसेंच भय मुलीच्या नकाराचें वाटतें. म्हणून घरांतील गोष्ट सांगणारा चित्रपटही राजकारणापासून सर्वस्वीं अलिप्त नसतो.

आतां ‘कुंकू’चा शेवट पाहा. वृद्ध पतीला आपला अन्याय उमगतो. तो मृत्यूला कवटाळतो व नीरेनें पुनर्विवाह करावा असें पत्र मागें ठेवतो. येथें खरा वाद उभा राहतो. एक म्हणेल, तिच्या दृढतेनें अन्यायी माणसाचें मन पालटलें. दुसरा विचारील, तिची सुटका अखेर पतीच्या पत्रानेंच कां व्हावी ? दोन्ही मतांस चित्रपटांत आधार आहे. आणि ज्यानें तो शेवटपर्यंत पाहिला त्यालाच हा प्रश्न सुचेल.

पडद्याबाहेरची हकीकतही विसरूं नये. नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनीं कंपनीशीं मतभेद झाल्यावर १९३९ सालीं तिच्या दारांत उपोषण केलें, आणि १९४० मध्यें ‘जाऊं मी सिनेमांत ?’ हें पुस्तक लिहिलें. पडद्यावरील स्त्रीचा कैवार घेणाऱ्यानें ती भूमिका करणाऱ्या स्त्रीच्या श्रमांची व हक्कांचीही चौकशी करावी, हें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, मत देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारीत जा : पात्र काय करतें ? त्याच्या कृत्यास चित्रपट मान देतो कीं दोष ? आणि शेवटीं निर्णय कोणाच्या हातीं राहतो ? पात्र वाईट वागलें एवढ्यानें चित्रपट वाईट ठरत नाहीं. नायिका धीट आहे एवढ्यानें तो पुरोगामीही ठरत नाहीं. पालकांसही एक विनंति आहे. नीरेविषयीं वाद चालला असतां घरांतील मुलगी गप्प बसली असेल, तर प्रथम तिचें मत विचारावें. त्याशिवाय तो वाद अपुराच राहील.