'ईएचए' आणि थॅकर, स्पिंक

नाशिकमध्ये जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' सापडलं. लेखकाच्या जागी फक्त 'ईएचए'!

हे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १८५१, साताऱ्याचा. नोकरी जकात आणि मिठाच्या खात्यात, जीव मात्र किडे-पाखरांत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्यांपैकी ते एक.

हे पुस्तकही १८८३ चंच. काढलं कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीने. चित्रं एफ. सी. मॅक्रे यांची, आणि ती फार बोलकी आहेत.

पुढचं 'बिहाइंड द बंगलो' आधी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेखरूपाने आलं, मग त्याच प्रकाशकाकडे गेलं. वाचक आधी वर्तमानपत्राने जमवले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ईएचए कुणी वाचलेत का?