बाजारात बाईला फिट आली तर

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या बसस्थानकावर एखाद्या बाईला फिट आली, की माणसं धावतात. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घालतं. मन चांगलं असतं, पण यानं फिट थांबत नाही. चमच्यानं दात तुटतो, पाणी पाजलं तर श्वास अडकतो.

मग काय करायचं? गर्दी हटवा. डोक्याखाली पदराची घडी द्या. हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांपुढे गेली, लागोपाठ आली किंवा बाई गरोदर असली, तर 108 ला फोन करा. गाडी मोफत येते.

शुद्धीवर आल्यावर तिला काही सुचत नाही, लाज वाटते. तिची साडी सारखी करा, पिशवी सांभाळा, घरचं माणूस येईपर्यंत जवळ बसा.

ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे. ज्या बहिणीला तो आहे, तिनं गोळी मनानं बंद करू नये. पिशवीत नाव, गोळी आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

गटाच्या पुढच्या बैठकीत कुशीवर वळवायचं एकदा करून बघा.