चिमूटभर तपकीर

मराठी माणसाने रंगांना नावे देताना घरातल्याच वस्तू हाताशी धरल्या. डाळिंबावरून डाळिंबी, आमसुलावरून आमसुली, राखेवरून राखाडी आणि तपकिरीवरून तपकिरी. रंगपेटीतला तपकिरी खडू उचलणाऱ्या आजच्या किती मुलांनी खरी तपकीर पाहिली असेल? वस्तू मागे पडली, रंग मात्र राहिला.

अर्थात, ती अगदीच नाहीशी झालेली नाही. मला ती भेटली पेण तालुक्यातल्या जोहे गावी. हमरापूर-जोहे हा गणपतीच्या मूर्तींचा परिसर. पडवीत, अंगणात, छपराखाली, जिथे पाहावे तिथे बाप्पांच्या रांगा. अशाच एका कारखान्यात एक वृद्ध कारागीर डोळ्यांची आखणी करत होते. चार मूर्ती झाल्या की ब्रश खाली ठेवायचा, कमरेची डबी काढायची आणि चिमूट नाकात ओढायची, असा त्यांचा क्रम. मी टक लावून पाहतोय म्हटल्यावर डबी माझ्यापुढे आली.

"घ्या दादा, जराशी. नाक मोकलं होतं."

मी चिमूट घेतली आणि ओढली. नाकापासून भुवयांच्या मधोमध जणू मिरचीची रेघ ओढली गेली. डोळ्यांतून धारा, आणि मग शिंका. एक, दोन, पाच! एका पोराने रंगाची वाटी चपळाईने उचलली. "माशी शिंकली" म्हणतात, इथे पाहुणाच शिंकला! कारखानाभर हशा पिकला. पुढे पाच-दहा मिनिटे डोके हलके आणि पोटात ढवळल्यासारखे. आजोबांना मात्र एकही शिंक नाही. सवयीच्या नाकाला शिंका येईनाशा होतात.

तपकीर म्हणजे तंबाखूची बारीक पूड. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. आदिलशाही विजापुरात ती रुळली होती. तिथूनच असद बेगने १६०५च्या सुमारास ती अकबराच्या दरबारात नेली. तिकडे फ्रान्समध्ये झाँ निको या वकिलाने १५६०च्या सुमारास राणीकडे तंबाखू पाठवली. ती डोकेदुखीवर औषध म्हणून गाजली. 'निकोटिन' हे नाव त्याचेच. नाकाच्या नाजूक त्वचेतून हे निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते, म्हणून तरतरी वाटते आणि म्हणूनच डबी सुटत नाही. लंडनच्या जॉन हिल या वैद्याने तर १७६१ सालीच अति तपकिरीचा आणि नाकातल्या गाठींचा संबंध लिहून ठेवला होता. धूर नसलेली तंबाखूही कर्करोग घडवते, यावर आज शास्त्रज्ञांचे एकमत आहे. घरोघरच्या मशेरीलाही हेच लागू.

आजोबांचे म्हणणे वेगळे. मूर्ती घासताना प्लास्टरची पांढरी धूळ उडते, नाक चोंदते. तपकिरीने शिंक येते आणि धूळ बाहेर पडते. तरुणपणी ते खरेही वाटले असेल. पण आता शिंक येतच नाही! म्हणजे धूळ आहे तिथेच, वर तंबाखूची भर. धुळीवर खरा उपाय साधा आहे: नाकातोंडावर चांगला मास्क, मोकळी हवा आणि मूर्ती कोरडी न घासता ओलसर करून घासणे.

एवढ्यात डबी संपली. आजोबांनी दहा-अकरा वर्षांच्या नातवाच्या हातावर पैसे ठेवले. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकण्यास २००३च्या कायद्याने बंदी आहे. पण गावच्या दुकानात नातवाला कोण अडवणार? अडवले ते सुनेने. चहाचे कप खाली ठेवत ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमाला पायजे तर तुमी जा. पोराला धाडू नका."

कारखान्यात क्षणभर कुणी बोलले नाही. आजोबांनी नातवाच्या हातातले पैसे परत घेतले, रिकामी डबी कमरेला खोचली आणि पुढच्या मूर्तीचे डोळे आखायला घेतले. दुकानात ते गेले नाहीत, निदान मी असेपर्यंत तरी.

आजोबांची सवय या वयात सुटेल की नाही, सांगवत नाही. पण नातवाची सुरू होऊ नये, एवढे त्या घराच्या हातात होते, आणि त्या घरात ते करणारी बाई होती.