जांघेतल्या गाठीत काय चालतं?

पायात काटा मोडला, जखम चिघळली की कधीकधी जांघेत अवधाण येतं. पायातली घाण वर चढून साचली, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात गाठ फुगते ती मुख्यतः आपल्याच पेशींच्या गर्दीने.

ही गाठ म्हणजे लसीकाग्रंथी. शरीरात अशा काहीशे असतात. त्यांच्यापुढचा प्रश्न शोधाशोधीचा आहे. जंतूंशी लढणाऱ्या प्रत्येक टी-पेशीचा संवेदक वेगळा. एखाद्या जंतूचा ठरावीक तुकडा ओळखणारी टी-पेशी लाखांत एखादी, कधी दहा लाखांत. तिने सगळं अंग धुंडाळायचं म्हटलं तर जंतूंचं फावेल. म्हणून जंतूचे तुकडेच ग्रंथीत आणले जातात.

आणणारी ती डेंड्रायटिक पेशी. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोहन यांनी १९७३ मध्ये तिचं वर्णन केलं. २०११ चं नोबेल स्टाइनमनना जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि निवड समितीला त्याचा पत्ता नव्हता! कातडीतली ही पेशी जंतू गिळते, त्याचे तुकडे अंगावर मांडते आणि लसीकावाहिनीतून ग्रंथी गाठते. तिकडे रक्तातून टी-पेशी ग्रंथीत उतरत असतात. एकेका डेंड्रायटिक पेशीला चाचपून पाहतात, जुळलं नाही तर पुढे सरकतात आणि साधारण दिवसभराने बाहेर पडून दुसरी ग्रंथी धरतात.

जुळलं, तरी तेवढ्यावर भागत नाही. इथली खबरदारी मला सर्वांत विलक्षण वाटते. तुकडा आपल्याच शरीराचा असला तर? म्हणून टी-पेशीला दुसरा इशाराही लागतो, आणि धोक्याची चाहूल लागलेली डेंड्रायटिक पेशीच तो जोमाने देते. तो मिळाला नाही, तर टी-पेशी थंड पडते. अनेक लशींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालतात, ते अशी चाहूल लागावी म्हणूनही.

दोन्ही इशारे मिळालेली टी-पेशी ग्रंथीतच मुक्काम ठोकते आणि विभागत राहते. चार-पाच दिवसांत एकीच्या हजारो होतात. शेजारच्या बी-पेशींनाही काही टी-पेशी प्रतिपिंडं बनवायला मदत करतात.

संसर्गाच्या सुरुवातीला ग्रंथीकडे येणारं रक्त वाढतं आणि बाहेरची वाट काही काळ बंद होते. गाठ टरारते ती यामुळेही. बाहेर पडायला पेशीला एस१पी या रेणूचा माग घ्यावा लागतो, आणि त्याचा संवेदकच तेव्हा पृष्ठभागावरून आत ओढला जातो. फिंगोलिमोड हे औषध हीच वाट मुद्दाम अडवतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूवर चालून जाणाऱ्या पेशी त्यामुळे ग्रंथीतच अडकून पडतात.